स्वस्त का, ते आधी विचारा

मागच्या अंकात मुंबईतल्या रस्त्यावरच्या कपड्यांबद्दल मी दोन पानं लिहिली होती. त्यात एक वाक्य होतं: वस्तू स्वस्त असेल तर ती स्वस्त का आहे, हे कळेपर्यंत पाकीट उघडू नका. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर पत्रांनाच द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीत, निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या गाळ्यात मी २६ वर्षं चेकर होते. ट्यूबलाइटखाली उभं राहायचं आणि शर्ट उलटेसुलटे करून बघायचे. वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. कापड हा माझा घरचाच विषय. बाकी मोबाइल, बूट वगैरेंबद्दल लिहिलंय ते जाणकारांना विचारून, खात्री करून.

फॅशन स्ट्रीटला, लिंकिंग रोडला जो तो 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणून कपडे विकतो. इतका माल उरतो तरी कसा? आणि खरा कोणता, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?
— एक वाचक, ठाणे

उरतो, भरपूर उरतो. कसा उरतो ते आधी सांगते, कारण तेवढं कळलं की ओळखणं जमतं.

ऑर्डर ३००० शर्टांची असली, तरी कटिंग मास्टर ३००० वर थांबत नाही. शेकड्याला दोन-चार नग शिलाईत नाहीतर धुलाईत खराब होणार हे धरून तो जास्तीचे कापतो. खराब कमी झाले की तेवढे चांगले नग हातात राहतात. हा खरा सरप्लस. दुसरा प्रकार म्हणजे ऑर्डरच रद्द झाली, किंवा माल बोटीवर चढायला उशीर झाला म्हणून परदेशातल्या गिऱ्हाइकाने नको म्हटलं. हाही माल उत्तम. तिसरा प्रकार तपासणीत नापास झालेल्या मालाचा. लोक नेमके यालाच घाबरतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

३००० नगांचा लॉट तयार झाला की गिऱ्हाइकाचा माणूस येऊन त्यातले १२५ नग काढायचा. कुठलीही खोकी उघडायचा, आम्हाला निवडू द्यायचा नाही. किती दोष चालवून घ्यायचे, यासाठी आमच्याकडे 'एक्यूएल अडीच' हे माप चालायचं. त्या मापाने १२५ नगांत सात मोठे दोष निघाले तरी लॉट पास, आठवा निघाला की सगळा लॉट नापास. म्हणजे नापास झालेल्या लॉटमध्येही १२५ मागे ११७ शर्ट धडधाकट असू शकतात! मग आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून सगळे ३००० पुन्हा बघायचो. दुरुस्त होतील ते दुरुस्त करून बोटीवर, बाकीचे गोणीत. त्या गोण्या व्यापारी उचलून न्यायचा आणि पुढे त्या रस्त्यावर यायच्या.

दोष दिसला की तिथे आम्ही लाल बाणाचं एक चिमुकलं स्टिकर लावायचो, बाणाचं टोक बरोबर दोषावर. निवृत्तीनंतर एकदा फॅशन स्ट्रीटला निळ्या चौकटीचा एक शर्ट हातात घेतला, तर खिशाच्या खालच्या कोपऱ्यात तो बाण अजून चिकटलेला. विकणाऱ्याच्या लक्षातही आलं नव्हतं. टोकाशी निरखून बघितलं. खिशावरची चौकट अंगावरच्या चौकटीशी जुळत नव्हती, दोन सुतं, म्हणजे पाव इंच, खाली उतरली होती. बाकी शिलाई, काजं, कॉलर सगळं चोख. मी तो घेतला आणि माझ्या भावाने तो सात वर्षं वापरला. माल स्वस्त का, याचं उत्तर इतकं सरळ मिळालं की निर्धास्त घ्यावा.

आता ओळखायचं कसं. मानेवरचं लेबल बघा. खरा उरलेला माल बाहेर विकताना कंपनीच्या नावाचं लेबल कापून टाकायचं, अशी अट बहुतेक करारांत असते. त्यामुळे लेबल अर्धं कापलेलं, नुसते टाके राहिलेले किंवा नावावर काळी रेघ मारलेली दिसते. मोठ्या कंपनीचं नाव मानेवर लखलखत असेल आणि विकणारा बोट ठेवून तेच दाखवत असेल, तर पैसे त्या नावाचे जातात. कपडा कसला आहे ते मग कुणी बघत नाही. आता आतल्या बाजूला, डाव्या शिवणीत धुलाईचं लेबल आहे का बघा. अमेरिकेला जाणाऱ्या मालावर तिथे बऱ्याचदा 'आरएन' आणि त्यापुढे आकडे असतात. तो तिथल्या कंपनीचा नोंदणी क्रमांक. नकली माल शिवणारे मानेचं लेबल छान करतात, आतल्या लेबलावर मेहनत घेत नाहीत. जास्तीचं एक बटण शिवलेलं असलं तर आणखी चांगलं.

सगळ्यात मोठी खूण साइजची. उरलेल्या मालात साइज तुटलेल्या असतात. लार्ज आहे तर मीडियम नाही, निळा आहे तर पांढरा नाही. एकाच गाडीवर सहा रंग आणि प्रत्येक रंगात स्मॉलपासून डबल एक्सेलपर्यंत सगळं मिळत असेल, तर तो माल रस्त्यासाठीच शिवलेला आहे. तो वाईटच असतो असं मुळीच नाही. उल्हासनगरची जीन्स, धारावीतले शर्ट कित्येकदा उत्तम असतात. फक्त ते एक्स्पोर्टच्या भावाने घेऊ नका. टाके मोजा. चांगल्या शर्टाला इंचाला बारा-चौदा तरी टाके असतात. घाईत उरकलेल्याला आठ, आणि धुतल्यावर पहिली काख उसवते.

रस्त्यावर कपडे घालून बघायची सोय नसते. माप चुकलं तर पैसे पाण्यात. काय करावं?
— एक वाचक, विरार

शिंप्याची मापपट्टी पर्समध्ये ठेवा. घरात जो शर्ट, जी पँट तुम्हाला अगदी बरोबर बसते ती पलंगावर सपाट पसरून मोजा. शर्टाची छाती काखेखाली आडवी, खांदा, उंची. पँटची कंबर, आसन, मांडी, आतली लांबी. आकडे एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी पाकिटात राहू द्या. घरातल्या सगळ्यांची असेल तर फारच छान. बाजारात कपडा तसाच पसरून मोजायचा. छापलेल्या साइजवर जाऊ नका, देश बदलला की साइज बदलते.

पँटची बटणं लावून कंबर गळ्याभोवती गुंडाळायची, दोन्ही टोकं मागे भेटली की माप बरोबर, असं सगळे करतात. त्यातून अंदाज येतो, पण मांडी कळत नाही. जीन्स घेताना आणखी एक बघा. पाय सरळ धरला की बाजूची शिवण घोट्यापर्यंत सरळ उतरली पाहिजे. ती गुडघ्यापाशी पुढे वळत असेल तर कापडाला पीळ आहे, प्रत्येक धुण्याला तो वाढत जाणार.

सांगलीहून दोन दिवसांसाठी मुंबईला येतोय. चोर बाजार बघायचा आहे. कुणी म्हणतं शुक्रवारीच जा, कुणी म्हणतं शुक्रवारी बंद असतो. नक्की काय?
— एक वाचक, सांगली

दोघांचंही बरोबर आहे. मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची जी कायमची दुकानं आहेत ती शुक्रवारी बंद असतात. पण त्याच दिवशी पहाटे अंधारातच आसपासच्या रस्त्यांवर पथाऱ्या पडतात, तो जुम्मा बाजार. तुम्हाला घड्याळं, दिवे, लाकडी सामान, जुन्या पाट्या निवांत बघायच्या असतील, दुकानदाराशी बोलायचं असेल, तर शुक्रवार सोडून दुपारी जा. बाजार अनुभवायचा असेल तर शुक्रवारी पहाटे. पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरा, मध्य रेल्वेवरून येत असाल तर सँडहर्स्ट रोडला. शेजारच्या भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे जुन्या ओळखीच्या इमारती पाडलेल्या दिसतील. रस्ता विचारत जा, लोक नीट सांगतात. नाव मुळात 'शोर बाजार', म्हणजे गोंगाटाचा बाजार, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'चोर' झालं असं म्हणतात. मी लहानपणापासून हेच ऐकत आलेय.

पहाटे गेलात तर बॅटरी न्या. तिथे सगळेच बॅटरीच्या उजेडात माल बघतात आणि त्या उजेडात तडा दिसत नाही, म्हणून वस्तू चारही बाजूंनी फिरवून बघायची. शुक्रवारी पहाटेच, कामाठीपुऱ्याच्या अंगाला, डेढ गल्लीत बुटांचा बाजार भरतो. पायताण चांगलं मिळू शकतं, पण दोन्ही पायांचे नंबर स्वतः वाचून घ्या.

आणि एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. वीस वर्षांपूर्वी मी तिथून एक समई आणली होती. चांगली हातभर उंच, जड, काळपट. आईला दाखवायची म्हणून चिंच लावून घासायला बसले, तर बैठकीच्या कडेचं पिवळं निघून आलं आणि खालून लोखंड दिसायला लागलं. वर नुसता मुलामा होता. चुंबक लावलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं, पितळेला ते चिकटत नाही. तेव्हापासून चुंबक माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातच आहे.

पितळ खरं असलं तरी ते जुनं असेलच असं नाही. नवं पितळ रसायन लावून काळं करतात. त्यासाठी झीज बघायची. जुना अडकित्ता अंगठा टेकतो तिथे गुळगुळीत झालेला असतो, तांब्याचा तळ एका बाजूने जास्त घासलेला असतो, डब्याची कडी जिथे फिरते तिथे चर पडलेला असतो. माणसाचा हात लागतो तिथेच वस्तू झिजते. सगळीकडे सारखी काळी दिसणारी वस्तू हातांनी वापरलेली नाही. कर्ण्याच्या ग्रामोफोनपासून तर लांबच राहा. त्यातले कितीतरी नवे पत्रे आणि जुने सुटे भाग जोडून उभे केलेले असतात.

माझा मुलगा अमेरिकेत असतो. चोर बाजारातून जुनी पितळी मूर्ती घेऊन त्याला पाठवायची आहे. विमानतळावर अडचण येईल का?
— एक वाचक, पुणे

येऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, शिल्प, चित्र अशी वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, ती घरात वडिलोपार्जित असली तरी नाही. मूर्ती तेवढी जुनी नसेल पण जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या आणि बिल सोबत ठेवा. दुकानदार 'दोनशे वर्षांची आहे' असं छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या बोलण्यात तुमच्या मुलाची अडचणच आहे. मी तुमच्या जागी असते तर कारागिराकडून नवी घडवून घेतली असती.

एका कंपनीच्या फॅक्टरी आउटलेटमधून ६०% सवलतीत बूट घेतले. तीन आठवड्यांत दोन्ही तळवे भुगा होऊन गळून पडले. दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दाखवतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

योग्य नाही, आणि तुम्ही गप्प बसू नका.

तळवा असा भुगा होऊन पडतो त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. मऊ, हलक्या तळव्यांसाठी पॉलीयुरेथेन वापरतात. हवेतल्या दमटपणाने ते हळूहळू आतून कुजतं, बूट न वापरता खोक्यात ठेवले तरी. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला जोड दिसायला कोरा असतो, पायात घातला की महिन्याभरात तुटतो. मुंबईच्या हवेत तर लवकरच. तुमचे बूट स्वस्त होते ते बहुधा यामुळे. खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते अजून जपून ठेवलं असेल तर आत्ताच्या आत्ता फोटो काढा. पुढच्या वेळी आउटलेटमध्ये बूट घेताना किमतीच्या आधी तो महिना वाचा. एकावर एक स्टिकर चिकटवलेलं असेल तर खालचं मागा. आणि तळव्याच्या कडेला नख दाबून बघा, खूण तशीच राहिली किंवा भेगा दिसल्या तर जोड खाली ठेवा.

आता तक्रारीचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, लिहिलेली नसेल तर ३० दिवस. नुसत्या पाटीने कायदा बदलत नाही. तुम्ही तीन आठवड्यांत गेला आहात. दुकानाला आणि कंपनीला लेखी कळवा, सोबत बिल आणि फोटो जोडा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, क्रमांक १९१५. तरीही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

याच पत्रात तुम्ही विचारलंय की सवलतीनंतर वर वेगळा कर लावला, तो बरोबर का. एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात. जाहिरातीत सरसकट सवलत लिहायची आणि बिलात वर कर चढवायचा, याला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच अनुचित ठरवलंय. तेव्हा जीएसटी नव्हता, व्हॅट होता, पण मुद्दा तोच. तक्रारीत हेही लिहा.

सगळीच आउटलेटं वाईट नसतात. मागच्या मोसमातले रंग, बंद झालेली डिझाइनं, दुकानात लावून ठेवलेले नमुने अशा मालासाठी मी स्वतः जाते. चादरी, टॉवेल यांना वयाने काही होत नाही. रबर, फोम आणि इलॅस्टिक यांना होतं.

मला भाव करायची लाज वाटते. मैत्रिणी निम्म्याने आणतात, मी सांगतील तेवढे देऊन येते. भाव करायची काही पद्धत आहे का?
— एक वाचक, नाशिक

निम्म्याने मागायचं, हा नियम मला मान्य नाही. निम्म्याने मागणारे येतात हे माहीत असल्यामुळे विकणारा दुपटीने सांगतो, आणि यात तुमच्यासारख्या सरळ बायका भरडल्या जातात.

मी काय करते ते सांगते. आधी तीन ठिकाणी नुसता भाव विचारते, वस्तूला हात लावत नाही. मग वस्तू नीट बघते, दोष असेल तर विकणाऱ्याला दाखवते. 'दादा, इथे टाका सुटलाय, घरी शिवावा लागेल, त्याचे काय कमी कराल?' कारण देऊन कमी मागितलं तर माणूस चिडत नाही. दोन नग घेणार असेन तर तसं आधीच सांगते. आणि आकडा तोंडातून काढते तो घ्यायचं पक्कं ठरलं असेल तरच. आपण दोनशे म्हणायचं, त्याने 'घ्या' म्हणायचं, आणि आपण 'बघते' म्हणून चालू पडायचं, हे मला अजिबात पटत नाही. त्याने शब्द दिला, आपण फिरवला. तुम्ही त्याचं पहिलं गिऱ्हाईक असाल तर असं कधीच करू नका. भवानी व्हायची असते त्याची. एकदा सकाळी साडेनऊला कुलाब्याच्या फुटपाथवर मी एका मुलाकडून ओढणी घेतली होती. नोट हातात पडल्यावर त्याने ती कपाळाला लावली, मालावरून फिरवली आणि मगच खिशात ठेवली. मी घासाघीस केली होती वीस रुपयांसाठी. ते वीस रुपये मला बरेच दिवस आठवत राहिले.

जो स्वतः बनवून विकतो, त्याच्याकडे मी भाव करत नाही. टोपल्या विणणारी, मातीची भांडी घेऊन बसलेली, चामड्याची पाकिटं जागेवर शिवणारा. तिथे एक तर घेते किंवा घेत नाही. भाव करायचा तो जिथे सांगितलेला आकडाच भाव करण्यासाठी फुगवलेला आहे तिथे. हा फरक एकदा मनात बसला की लाज वाटणार नाही. आणि ज्या दिवशी मूड नसेल त्या दिवशी 'एकच भाव' लिहिलेल्या दुकानात जा, त्यात काही कमीपणा नाही.

मुलाला कॉलेजसाठी जुना मोबाइल स्वस्तात घ्यायचा आहे. रस्त्यावरचा घ्यावा का?
— एक वाचक, कल्याण

बिल आणि खोकं नसेल तर नको. चोरीचा असू शकतो, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पोलीस मुलाच्या हातातून तो काढून नेतील. दुकानातून घेत असलात तरी तिथेच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसेल. तो सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर घालून बघता येतो, किंवा इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, पुढे तो क्रमांक १४४२२ ला एसएमएस करा. काळ्या यादीत निघाला तर तिथूनच परत फिरा. पडद्यावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, तेही बघा.

मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा आहे. हिंदमाता की मंगलदास? आणि सिल्क म्हणून पॉलिस्टर गळ्यात पडू नये म्हणून काय करू?
— एक वाचक, अलिबाग

साड्या, आहेराची लुगडी, पातळं एकगठ्ठा घ्यायची तर हिंदमाता. दादर-परळच्या मधे आहे, आणि तिथे बसून, शे-दीडशे साड्या उलगडून बघायची मुभा असते. तागे कापून घ्यायचे, ब्लाउजपीस, अस्तर, शेरवानीचं कापड असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास. रविवारी मंगलदास बंद असतं, अलिबागहून फेरी मारताना तेवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरतं हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. पाऊस ओसरल्यावर कुठे फारच स्वस्त गठ्ठे दिसले तर साडीची घडी नाकाशी न्या. कुबट वास आला तर भिजलेला माल आहे. तो धुवून पांघरायला चालेल, मुलीच्या सासूला आहेर म्हणून नको.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय मीटरचा भाव ऐकू नका. ३६ इंची पन्ह्याचं कापड ४४ इंचीपेक्षा स्वस्त वाटतं, आणि शिंपी सांगतो की अर्धा मीटर कमी पडलं.

सिल्कची परीक्षा सोपी आहे. पदराच्या दशांतला एक धागा मागून घ्या, दुकानाबाहेर येऊन काडीने पेटवा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, आणि जळालेलं टोक बोटात चुरडलं की पूड होते. सुताला कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ, करडी. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो, तो चुरडत नाही. उभ्या आणि आडव्या, दोन्ही बाजूंचे धागे जाळा. ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिस्टरचा असला की निम्मी माणसं तिथेच फसतात. धागा द्यायला जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून पाच-दहा हजारांची साडी घ्यायची गरज नाही.

आईच्या पेटीत गिरणीच्या दुकानातून घेतलेली एक पलंगपोस सापडली. चाळीस वर्षांची तरी असेल, अजून दणकट आहे. अशी गिरण्यांची दुकानं आता कुठे आहेत का?
— एक वाचक, लालबाग

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

आज ज्याला फॅक्टरी आउटलेट म्हणतात ते आपल्या गिरणगावात गिरणीच्या दारातच होतं. घडीखात्यात कापड तपासलं जायचं. कुठे साच्यावर धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे पन्हा थोडा कमी. तो 'सेकंड'चा माल आणि तुकडे गिरणीच्या दुकानात यायचे. वडील घेऊन जायचे मला. ते किंमत बघायचेच नाहीत. कापड उजेडाकडे धरायचे, आडव्या धाग्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, 'हा दोष रात्रपाळीचा.' कुठल्या तरी साचेवाल्याचा डोळा पहाटे लागला असणार, एवढंच त्यांना त्यात दिसायचं. मग तोच तुकडा घ्यायचे. आमच्या घरचे सगळे परकर, उशांचे अभ्रे, माझे शाळेचे फ्रॉक तसल्या कापडाचे. चेकरचं काम मी गाळ्यात नंतर शिकले, बघायला शिकले ते तिथे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातून बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. आमच्या वडिलांची तर नाहीच. ती दुकानंही गिरण्यांबरोबर गेली. तसलं जाड, घट्ट विणीचं कापड हवं असेल तर मंगलदासमध्ये इचलकरंजीचं मागा, आणि पांघरायला सोलापुरी चादर. दोन्ही मी वापरते, समाधानी आहे.

पलंगपोस मात्र वापरू नका, निदान एवढं करेपर्यंत तरी नको. तिची लांबीची किनार उजेडात धरून बघा. गिरण्या किनारीवर ठरावीक अंतरावर आपलं नाव छापायच्या. धुऊन पुसट झालं असेल, पण तिरक्या उजेडात अक्षरं उमटतात. नाव लागलं तर मला कळवा. वडील ज्या गिरणीत होते तिथलं असेल तर मला एकदा हातात घेऊन बघायची आहे.